उत्तरेकडची दाढ

डॉक्टर मृणालिनी खासनीसांनी जड मनाने ड्रिल उचललं. चुंबकीय भुकटी मिसळून बनवलेलं त्यांचं नवं सिमेंट बारा जणांच्या दाढांत भरलं होतं, आणि प्रत्येक तपासणीत बाराही जणांची एकच तक्रार होती: दाढेत झिणझिण्या येतात. सुरक्षा समितीने ते सगळ्यांचं काढायला सांगितलं होतं. सहा वर्षांची मेहनत पाण्यात!

शेवटचे होते हरेश्वर तांडेल, जन्मांध. दर वेळी बहीण हात धरून आणायची. आज ते एकटेच आले होते.

"बाई, मी काढू देणार नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "सकाळचं ऊन उजव्या गालावर असलं, की झिणझिण्या सुरू. वळलो, की बंद. म्हणजे तोंड उत्तरेला असलं तरच!"

"अहो, इथे तर सगळ्यांना येतात!"

"येणारच. ही खुर्चीच उत्तरेकडे तोंड करून बसवलीय तुम्ही."

मृणालिनी थक्क झाल्या. सगळ्या तपासण्या याच खुर्चीत झाल्या होत्या! त्यांनी तांडेलांना उभं करून गोल गोल फिरवलं आणि सोडलं. तांडेल डुलले, सावरले, हळूहळू वळत एका जागी थांबले.

"ही उत्तर."

मोबाइलमधलं होकायंत्रही तेच सांगत होतं. पाचदा फिरवलं, पाचही वेळा तेच!

मृणालिनींनी समितीचा फॉर्म ओढला आणि 'दुष्परिणाम'च्या रकान्यात लिहिलं: "रुग्णाला आता बहिणीची सोबत लागत नाही."