मायच्या पाठीवर

बायको मंगली गेल्याची खबर आली तेव्हा पतिराम धानाच्या बांधीत रोवणीसाठी परे, म्हणजे रोपं, काढत होता. गोंदियाच्या दवाखान्यातून शेजाऱ्याच्या मोबाईलवर फोन आला. ताप उतरलाच नाही. पतिरामनं हात धुतले, घरी आला आणि दोन वर्षांच्या खुशबूला उचललं. पोर माय मागत राहिली.

आता त्याला वीस वर्षं होत आली. पुढच्या हप्त्यात खुशबूचं लग्न. अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता ती संध्या मावशीला सांगत होती.

"मले माय याद आहे, मावशी. मी तिच्या पाठीवर बांधलेली होती अन् ती धान रोवून राहिली होती. वाकली का मले चिखल दिसे, उभी झाली का जंगल. हिरवं लुगडं होतं तिचं. अन् बिडीचा वास ये."

संध्या खदखदून हसली. "बिडी? माह्या बहिणीनं जिंदगीत बिडीले हात नाही लावला वो! सासरी सांगू नको, मेलेली बाई बदनाम होईल. दोन वर्षांच्या लेकराले काय याद राहते? सपन पाह्यलं असशील तू."

खुशबूचे हात थांबले. रोवणी बायांचं काम, तेव्हा ती मायच, यात तिला कधी शंका आली नव्हती. मायचं तिच्याजवळ एवढंच होतं. घरात फोटोही नव्हता. तिनं बापाकडं पाहिलं.

"बाबा, सपनच होय का?"

पतिराम बाजेवर बसला होता. "सपन कायले राहील? खरं आहे. मंगली चोरून ओढे. माह्याच बंडलातून."

"काय सांगता, भाऊजी!" संध्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पाह्य मावशी! होती ना मले याद!" खुशबू उठून उभी राहिली. कुस्ती मारल्यासारखी हसत होती.

लेकराला माय कमी पडू द्यायची नाही, असं पतिरामनं मंगली गेली तेव्हाच ठरवलं होतं. ते जमलं होतं.

मंगलीला माती दिल्यावर पोर कशानंच गप्प होईना. तेव्हा गाव उठायच्या आधी तो मंगलीचं हिरवं लुगडं नेसून बांधीत गेला, लेकीला पाठीवर बांधलं आणि राहिलेलं धान एकट्यानं रोवलं. हे तेवढं खुशबूला सांगायचं राहिलं आहे.