वेलची

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात श्रीकांतच्या येरझाऱ्या थांबत नव्हत्या.

"दारू पिऊन गाडी ठोकल्याची केस आहे माझ्यावर. तरी पोरीला भेटू देतील ना?" त्याने वकीलबाईंना पुन्हा विचारलं.

"देतील हो. आज पिऊन तर नाही ना आलात?"

"त्या अपघातानंतर थेंबालाही शिवलो नाही, मॅडम."

घशाला कोरड पडली होती. खिशात चाचपडून त्याने वेलची तोंडात टाकली आणि पुन्हा एकदा कॉलर नीट केली.

तेवढ्यात घटस्फोट मागणाऱ्या बायकोसोबत सात वर्षांची रेवती आली. आईचा हात सोडून ती धावत सुटली, त्याच्या गळ्यात पडली आणि एकदम थबकली. त्याच्या तोंडाचा वास घेऊन ती हळूच मागे सरली.

"आई, चल घरी. बाबा आज पण पिऊन आलाय. वेलची खाल्लीये त्याने."