टेट रॅन्समचा चित्रकार

ब्रुकलिनच्या हार्वी लिंडक्विस्टने उमेदीची सगळी वर्षं टेट रॅन्सम या काउबॉयचं कॉमिक काढलं. परवा दुपारी टेटचा घोडा काढता काढताच त्याने टेबलावर मान टाकली.

दफन उरकल्यावर संपादक सॉल घरी आला. हार्वीच्या बायकोच्या, एड्नाच्या हातात त्याने फुलं दिली आणि टेबलावरची पानं चाळली.

"बरं झालं, फक्त शेपूट राहिलीय. ती कुणीही काढेल."

"सॉल, पुढच्या अंकात दोन ओळी टाकशील? हार्वी गेला म्हणून. टेटवर जीव टाकणाऱ्या मुलांना कळू दे."

सॉलने पानं पिशवीत नीट घातली.



"अगं एड्ना, इतक्या वर्षांत आम्ही त्याचं नाव कधी छापलंय? आता कोण गेला म्हणून सांगू?"