खिडकीखालची ऐरण

“ती खिडकी ऱ्हाऊ द्या साहेब, बंदच बरी,” टोनी म्हणाला. तोवर विघ्नेशनं ती उघडली पण होती.

खाली घिसाड्यांची वस्ती. निळं प्लास्टिक टाकलेल्या झोपड्या, दोन बकऱ्या, आणि चिंचेखाली ऐरण. तापल्या लोखंडावर घण पडत होता. ठण. ठण. तिसऱ्या माळ्यावर असा ऐकू येत होता, जसं काही घरातच ठोकतायत.

“आई गं,” उन्नती म्हणाली. सातवा महिना लागलेला. एक हात कमरेवर, एक भिंतीला. “हे दिवसभर चालणार?”

“म्याडम, आमच्या बापाच्या वेळेपासून हितंच उतरतात ती मानसं,” टोनी म्हणाला. टोनी जवळच्याच गास गावचा. नालासोपाऱ्यात घरं दाखवायचा धंदा त्याचा. “आमच्या वाडीतले कोयते सगळे ह्यांच्याकडचेच. आनि पालिका उठवनारच हाय त्यांना, आज ना उद्या. मंग बघा ह्या फ्लॅटचा भाव कसा उडतो!”

विघ्नेशनं त्याच्याकडे असं बघितलं की टोनीचं हसू तोंडातच राहिलं.

“मागच्या बाजूला आहे का एखादा?” उन्नतीनं विचारलं.

“हाय की. भाव तोच.”

“नको,” विघ्नेश म्हणाला. “हाच.”

“अरे, पण आवाज!”

“सवय होते.”

“तुला काय माहीत?”

“होते गं.”

उन्नती बघतच राहिली. हा माणूस भाजी कुठली करू विचारलं तरी ‘तुला आवडेल ती’ म्हणणारा. लग्नाचा हॉल तिनं ठरवला, सोफ्याचा रंग तिनं ठरवला. विरारला एक छोटा फ्लॅट बघून ठेवलेला, तोही तिनंच. आणि आज हा खिडकीचे गज धरून उभा, हलायचं नाव नाही.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मी खाली जाऊन त्यांनाच विचारते. माणसं बरी वाटली तर हाच घेऊ. नाही वाटली तर विषय संपला. कबूल?”

विघ्नेशचं तोंड उतरलं. “त्यांना काय विचारायचं?”

“का? शेजारी होणार ते माझे. दिवसभर घरात मी आणि बाळ. तू तर ऑफिसात.” आणि लिफ्टमध्ये शिरलीसुद्धा. दोघे मागोमाग.

ऐरणीपाशी एक म्हातारी होती. घण तिच्याच हातात. समोर एक गडी सांडशीत कोयता धरून बसलेला. हडकुळी बाई, पण घाव असा की ठिणग्या उडत होत्या. तिनं मान वर केली. विघ्नेशला बघितलं. पुढचा घाव कोयता सोडून नुसत्या ऐरणीवर पडला.

“मावशी, वरचा फ्लॅट बघतोय आम्ही,” उन्नती म्हणाली. “शेजार कसा आहे? खरं सांगा हां.”

म्हातारीनं घण खाली ठेवला. हात लुगड्याला पुसले. तिची नजर उन्नतीच्या पोटावर गेली आणि तिथंच राहिली. मग अशी हसली की उरलेसुरले सगळे दात दिसले.

“शेजार? सोन्यावानी हाय, पोरी. घे की घर. आम्ही काय खातो व्हय कुनाला? बाळंतपनात शेकाला निखारा लागंल, तर खिडकीतनं नुस्ती हाक मार. वर आनून दीन मी. लेकराला न्हाऊ बी घालीन. पाय असे लांब करून बसायचं, आन् पायावर घिऊन...” तिनं हवेतच बाळाला पाणी घातलं.

उन्नतीला हसू आलं. विघ्नेशकडे वळून तिनं मान डोलवली. घेऊ या, म्हणून.

“सासू न्हाई व्हय तुझी हाताशी?” म्हातारीनं विचारलं.

“नाही ना, मावशी. ह्यांची आई हे लहान असतानाच गेली. वसतिगृहात वाढले हे.”

म्हातारीनं विघ्नेशकडे बघितलं. विघ्नेश आपल्या बुटांकडे बघत होता.

“आसं व्हय,” ती म्हणाली. “गेली.”

मग म्हातारीनं एकदम आवाज चढवला.

“नगं घिऊस हितं घर!”

“अहो, आत्ताच तर म्हणालात...”

“येडी हायस का तू? चोराचिलटांची वस्ती हाय ही! दारू पिऊन रातभर मारामाऱ्या. पोटुशी बाई तू, कळत न्हाई? जा! नीघ हितनं! परत ह्या गल्लीत दिसू नगा दोघं बी!”

उन्नतीनं पोटावर ओढणी घेतली, पाठ फिरवली आणि झपाझप चालायला लागली. मागून आवाज आला. कडाकड. बोटं मोडल्याचा.

रस्त्यावर आल्यावर ती थांबली.

“ऐकलंस? बोटं मोडली रे तिनं आपल्या नावानं! माझ्या पोटात बाळ असताना! कसली बाई आहे ही?”

“सॉरी म्याडम,” टोनी म्हणाला. “कदी अशी बोलत नाय ती. आज काय झालं तिला, काय म्हाईत.”

“नको मला हे घर. विरारचाच घेऊ, छोटा असला तरी. तू का गप्प? बोल ना काहीतरी!”

“विरारचाच घेऊ,” विघ्नेश म्हणाला.

उन्नतीनं नुसतं ऐकलं होतं. त्यानं मागं वळून बघितलं होतं. शाप देणारी बाई बोटं समोरच्यावर मोडते. त्याच्या आईनं लांबूनच दोन्ही हात सुनेवरून ओवाळले होते, आणि दहाच्या दहा बोटं आपल्या कानशिलांवर मोडली होती.