साडेतीन इंच

"मारा, अण्णा."

श्रीधररावांनी गज उचलला. कापड मोजायचा, लाकडी, तीन फुटांचा. मुलगा भिंतीला हात टेकून, पाठ करून उभा होता. अंगावर फक्त खेळायची चड्डी.

पहिला फटका हलका पडला.

"धूळ झटकताय का?" अजिंक्य म्हणाला. "शाळा बुडवून फुटबॉल खेळून आलो की हाच गज घेऊन दारात उभे असायचात. आता संपला वाटतं जोर!"

"सरी, बरं," श्रीधरराव म्हणाले.

दुसरा फटका. तिसरा. तिसऱ्याला गज सूं करून आला. अजिंक्यचा गुडघा दुमडला, कपाळ भिंतीवर आपटलं, जीभ दातांत सापडली. चौथा त्याने मागितला नव्हता. तोही पडला. त्याच जागी.

तोंडात रक्ताची चव आली. त्याने तळहातावर थुंकून पाहिलं. थोडंच होतं.

दोन वर्षांपूर्वी एवढ्यावर थांबलं नसतं. तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट्स संपत चालल्या होत्या. शर्टाच्या कॉलरने मान निळी पडायची. घड्याळाच्या पट्ट्याने मनगट. चामराजपेटच्या या घरात त्या दिवसांत याच माणसाने टेबलाच्या चारही कोपऱ्यांना चिंध्यांच्या उश्या शिवल्या होत्या, दाराच्या कडीला गोधडीचा तुकडा गुंडाळला होता. आज त्याचा हात इतका मोकळा कसा सुटला? जुना राग असेल. असू दे. अजिंक्यला राग चालणार होता. दोन वर्षं त्याला सगळे काचेसारखं धरत होते.

गुरुवार, संध्याकाळी सात. डावी मांडी, मागची बाजू. काळानिळा डाग, दोन इंच.

माप अण्णांनी घेतलं, वहीत लिहिलं. नेहमी तेच घेत. चाळीस वर्षं अर्धं चामराजपेट त्यांच्या टेपवर विश्वास ठेवून ब्लाऊज शिवून घेत होतं.

रक्ताचे रिपोर्ट कधीचे सुधारले होते. तरी फुटबॉल क्लबचे डॉक्टर खेळायच्या परवानगीवर सही करत नव्हते. "आकडे चांगले आहेत," ते म्हणायचे, "पण लागलेलं रात्रीतून पसरतंय. तुला मी मैदानावर मरायला पाठवणार नाही. न पसरलेला एक डाग दाखव, मग बघू."

जून. पाठ. बसच्या दाराचा दांडा. संध्याकाळी दीड, सकाळी तीन.

ऑगस्ट. दंडाची मागची बाजू. संध्याकाळी एक, सकाळी अडीच.

नोव्हेंबर. पुन्हा पाठ. संध्याकाळी दोन, सकाळी चार.

समोरून येणारं तो चुकवायचा. मागून येणारं चुकवता येत नव्हतं. आणि प्रत्येक सकाळच्या मापानंतर तो थोडा जास्त भित्रा होत गेला. कोणी अंगावर धावून येतंय असं दिसलं की शरीर आपणहून बाजूला सरकायचं. बचावपटूचं शरीर! ज्याच्या खांद्याला आख्खी लीग भ्यायची, तो आता बाजारातल्या हमालांना वाट करून द्यायचा.

शनिवारी सराव सामना होता. त्यात अजिंक्य उतरला नाही तर त्याच्या जागी दुसरा घ्यायचा, असं क्लबने स्पष्ट कळवलं होतं. म्हणून हा गज.

शुक्रवार, सकाळी सात.

थोरली बहीण शालन बसवनगुडीहून आली होती. ब्लाऊजांना हुक लावायचं काम ती न्यायची. अण्णांच्याच हाताखाली शिकलेली. ती दारात चपला काढत होती तेव्हा श्रीधरराव मुलाच्या मांडीमागे वाकले होते.

"साडेतीन," ते म्हणाले.

अजिंक्यने भिंतीवर मूठ हाणली. बोटांची सालटी निघाली. पुन्हा हाणली. चुन्यावर लाल ठसा उमटला.

"अय्यो, काय चाललंय हे?" शालन धावत आली. "आणि मांडीला काय झालं? कोणी मारलं रे?"

"अण्णांनी. मीच सांगितलं. जाऊ दे अक्का, संपलं सगळं. पसरलं."

ती खाली बसली. टेप अजून मांडीवरच होता. तिने एकदा पाहिलं, मग हसली.

"अण्णा, बोट कुठे धरलंय तुम्ही? डाग तर इथेच संपतो. दोन आहे. फार तर सव्वादोन म्हणा. चष्म्याचा नंबर बदलून घ्या आता."



श्रीधरराव टेप बोटाभोवती गुंडाळत होते. सावकाश, नीट.

अजिंक्यने काही ठरवलं नाही. खांदा आपणहून गेला. मैदानावर जायचा तसा, सगळं वजन मागे घेऊन. म्हातारा शिलाई मशीनवर जाऊन आदळला. रिळांचा डबा उडाला. मशीनच्या चाकावर भुवई फुटली.

"अज्या! बाप आहे तो आपला!" शालनने त्याला मागून कवळ घातली. त्याने कोपर मारून ती सोडवली. अण्णांना कॉलरला धरून उचललं. उशीएवढं वजन.

"नोव्हेंबरपासून?"

रक्त डोळ्यात उतरत होतं. श्रीधररावांनी ते पुसलं नाही.

"ऑगस्टपासून? बोला! जूनपासून? की पहिल्या दिवसापासून खोटं लिहिताय?"

"पहिल्यापासून नाही."

"मग कधीपासून?"

त्याची मूठ वर गेली होती. श्रीधररावांनी मान बाजूला केली नाही.

"तू बरा झालास ना," ते म्हणाले, "त्या दिवसापासून."