सकाळी भरलेले सेल

खंड्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसला. फोटोकाकांनी श्वास रोखला, बटण दाबलं आणि कॅमेऱ्याने मान टाकली. लाल खूण दोनदा लुकलुकली आणि पडदा काळा झाला. खंड्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सावकाश उडून गेला.

"मेले! पुन्हा मेले!" काका गच्चीतूनच ओरडले.

"कोण हो?" खालून बायकोने विचारलं.

"सेल! सकाळी नऊला भरून काढलेत. आत्ता कुठे पाच वाजतायत. आणि अजून एकही फोटो काढलेला नाही!"

"मग तो डबा द्या एकदाचा मोडीत. चहा गार होतोय."

बायकोचं आणि त्या कॅमेऱ्याचं कधी पटलंच नव्हतं.

काकांची पस्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यात गेली होती. त्यामुळे चारही सेलांवर लाल रंगाने आकडे घातलेले होते. कधी भरले, कधी संपले, सगळं वहीत टिपलेलं. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. मुलाने सातव्या वर्षी हा कायदा एकदा मोडला होता. आज त्याचे केस पिकले तरी त्या दिवशी पिळलेला कान त्याला आठवतो.

काकांच्या पहिल्या कॅमेऱ्याला सेलच नव्हते. छत्तीस फोटोंचा रोल असायचा. तो धुऊन येईपर्यंत आठ दिवस जीव टांगणीला लागायचा. फोटो हलायचे, डोकी कापली जायची, पण ऐन वेळी कॅमेऱ्याने कधी डोळे मिटले नव्हते.

काकांनी कार्ड तपासलं. कालचे अकरा फोटो तेवढे होते. म्हणजे कॅमेरा कुणी वापरला नव्हता. ते तडक कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

"जुने सेल नुसते पडून राहिले तरी रिकामे होतात, काका," दुकानदार म्हणाला. "थंड जागी ठेवून बघा."

दुसऱ्या दिवशी बायकोने फ्रिज उघडला.

"हे लोण्याशेजारी काय ठेवलंय?"

"सेल. थंडीत चार्ज टिकतो."

"मग तुम्हीही बसा आत थोडा वेळ. निदान डोकं तरी थंड होईल."

चार्ज काही टिकला नाही. पाचच्या उन्हात सेल रिकामे ते रिकामेच. मग दुकानदाराने ते दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याने ते काउंटरवर ओळीने मांडले.

"काका, हे तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. भरून ठेवले तसेच्या तसे. तुम्ही चार्जरला लावायलाच विसरत नाही ना?"

तो हसत म्हणाला, पण काकांनी सेल भराभर खिशात टाकले. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरला, मग गॅस, शेवटी शेवटी माणसं.

रात्रीच्या जेवणाला काका नुसता भात चिवडत होते. बायकोने दोनदा विचारल्यावर त्यांनी मनातलं सांगितलं. तिचा वाढता हात थांबला. काही बोलायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"तुम्ही काही विसरत नाही," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"चाळीस वर्षांपूर्वी मी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं, ते परवा पाहुण्यांना सांगितलंत की."

काकांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच. मुलाचा फोन आला तेव्हा त्यालाही त्यांनी सांगून टाकलं. तो लगेच डॉक्टरांची वेळ घ्यायला निघाला. बायकोने फोन हातातून काढून घेतला.

"डॉक्टर-बिक्टर रविवारनंतर बघू. रविवारी यांच्या फोटो मंडळाचं प्रदर्शन आहे."

त्या दिवसापासून काका चार्जरशी मोठ्याने बोलू लागले. "चारही लावले. बटण चालू केलं. दिवा लागला." आणि काय सांगावं, सेल टिकू लागले! पाच वाजता भरलेले, सातला भरलेले. वहीत काकांनी लिहिलं, 'उत्तम.' खाली थोडी जागा सोडून लिहिलं, 'म्हणजे आधी मीच विसरत होतो.' मग वही मिटून ते चार्जरचा दिवा पुन्हा एकदा बघून आले.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. मंडळाची पद्धत अशी, की फोटोंवर फक्त आकडे लावायचे आणि निकाल लागेपर्यंत काढणाऱ्याचं नाव परीक्षकांनाही कळू द्यायचं नाही. काकांनी खंड्याचा एक जुना फोटो दिला होता. त्यात शेपटी चांगली आली होती. त्याला उत्तेजनार्थ मिळालं, सलग दहाव्या वर्षी. काकांनी प्रमाणपत्र घेतलं आणि खुर्चीत येऊन बसले. बायको शेजारी कानातलं चाचपत होती.

"आता पहिला क्रमांक," अध्यक्षांनी सांगितलं आणि चौकटीवरचं कापड ओढलं.

हॉलमध्ये हशा पिकला आणि हळूहळू विरला. लोक नीट बघू लागले. खिडकीतून दुपारचं तिरपं ऊन आलेलं. आरामखुर्चीत एक म्हातारा गाढ झोपलेला. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. छातीवर उघडी वही, आणि झोपेतही तिच्यावर जपून ठेवलेला हात. कुणीतरी फार दिवस, फार मायेने त्या माणसाकडे बघत आलेलं असावं, असा तो फोटो होता.

काका पुढे वाकले. वहीतलं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

शेजारची खुर्ची मागे सरकली.

"एवढी पर्स धरा," पदर सारखा करत बायको म्हणाली. "आणि बघत काय बसलात, कॅमेरा काढा. सेल भरलेले आहेत, माझं कार्डही वेगळं आहे. आठवडाभर मी हात लावलेला नाही."