शेवटच्या घराचं छप्पर

मदतीची यादी घेऊन आलेल्या साहेबांनी टॅब यमीआजीच्या नाकासमोर धरला. "हा तुमच्या पाड्याचा उपग्रहानं काढलेला फोटो. सगळी छपरं पांढरीशुभ्र, म्हणजे सिमेंटची. म्हणून सर्वांत गरीब शंभर वस्त्यांच्या यादीतून तुमचं नाव कटलं. यादी कॉम्प्युटरनं केलीय, माझ्या हातात काही नाही."

"सिमेंट नाय ओ साहेब, फ्लेक्स हाय," आजी म्हणाली. "दोन सालांमागं खाली तालुक्याला गरिबांच्या योजनेचा कार्यक्रम झाला. मंडप सुटल्यावर टाकलेले फ्लेक्स आम्ही डोक्यावरून आणले. पांढरी पाठ वर केली, मंत्र्यांचं तोंड तेवढं आत घेतलं, पावसात भिजू नये म्हणून."

घरात शिरून बघणं साहेबांच्या कामात बसत नव्हतं, तरी ते वाकून आत गेले. वर पाहिलं. या कुडापासून त्या कुडापर्यंत मंत्री हात जोडून हसत होते. त्यांच्या डोक्यावर हातभर मोठी अक्षरं होती.

"आम्हाला वाचता नाय येत," आजी म्हणाली. "काय लिहिलंय?"

साहेबांनी घसा साफ केला. "मदत पोहोचणार, शेवटच्या घरापर्यंत."

आजीनं छपराकडे कौतुकानं पाहिलं.

"मग पोचली की. दोन पावसाळे थेंब गळला नाय."